घरखर्चाला रोख की यूपीआय? दोन्ही करून पाहिल्यावर

घरखर्च आटोक्यात आणायला रोखीवर यावं की यूपीआयवरच राहून हिशेब नीट ठेवावा, अशा विचारात असाल तर सांगतो, दोन्ही मी करून पाहिलं आहे. आधी तीन वर्षं सगळं मोबाइलवरून, आता दीड वर्ष रोखीनं, प्रत्येक खर्चाच्या वेगळ्या पाकिटातून. आम्ही ठाण्यात राहतो, घरात चौघं, नोकरी दोघांची. तुमच्या घराची घडी वेगळी असेल तर माझं म्हणणं त्या मानानं घ्या.

वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, हप्ते, विमा या गोष्टी खात्यातूनच गेलेल्या बऱ्या. ते आकडे ठरलेले असतात, त्यासाठी रोख काढण्यात अर्थ नाही. तुलना आहे ती रोजच्या सुट्या खर्चाची: किराणा, भाजी, दूध, रिक्षा, बाहेरचं खाणं.

या खर्चालाही यूपीआय सोयीचं आहे, हे मान्यच. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी सुटे शोधत बसावं लागत नाही. शिवाय नोंद आपोआप राहते, वेगळी वही लिहायला नको, असं मला वाटायचं. माझं मत फिरलं ते नेमकं या नोंदीपायी.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं स्टेटमेंट घेऊन बसायचो. दोघांच्या मिळून दोनशेच्या वर ओळी, आणि त्यातल्या निम्म्याअधिक ठिकाणी नुसती माणसांची नावं. आमच्या भाजीवाल्या मावशींचा क्यूआर जावयाच्या नावावर आहे, फळवाल्याचा भावाच्या. रिक्षावाले रोज नवे. १४० रुपये, संध्याकाळचे ७:५२ आणि एक अनोळखी आडनाव. ही भाजी, वडापाव, की साडीचा फॉल-पिको? बायको म्हणायची, "हे तुझं असेल." मी म्हणायचो, "त्या दिवशी मी घरीच होतो." तासाभरानं दोघंही वैतागून उठायचो आणि भाजीवर किती गेले ते तसंच राहायचं. पैसे देताना शेरा लिहायची सोय असते; ती आठवडाभर नेटानं पाळली, पण मागे चार माणसं खोळंबली असताना ते होत नाही. खर्च नोंदवणारं एक ॲपही घेतलं. त्यानं भाजी आणि रिक्षा दोन्ही 'व्यक्तींना दिलेले पैसे' या एकाच रकान्यात टाकले. यूपीआय लाइट, म्हणजे आधी पैसे भरून ठेवून लहान रकमा देण्याची सोय, वापरत असाल तर ते लहान व्यवहार पासबुकात एकेक दिसतही नाहीत, लाइटमध्ये पैसे भरल्याची तेवढी ओळ दिसते.

आता २ तारखेला १८,००० काढतो आणि पाच पाकिटं भरतो. किराणा ७,०००, भाजी-फळं ४,०००, दूध २,५००, रिक्षा-वरखर्च २,५००, बाहेरचं खाणं २,०००. पाकिटं कपाटाच्या वरच्या खणात, दोघांच्याही हाताशी. एकातून दुसऱ्यासाठी घेतले तर आत चिठ्ठी टाकायची, एवढाच नियम. भाजीवर किती गेले हे आता कुणाला विचारावं लागत नाही. २० तारखेला त्या पाकिटात सहाशेच उरलेले दिसले की जांभळी नाक्यावर हात मटार सोडून दुधीकडे जातो. पूर्वी खात्यात पैसे आहेत एवढंच दिसायचं. ते भाजीचे की पुढच्या हप्त्याचे, हे त्यावरून कळत नसे.

खर्च कमी झाला का? बाहेरचं खाणं नक्की कमी झालं. किराण्यात फारसा फरक नाही. नेमका आकडा सांगता येत नाही, कारण आधी किती जात होते तेच आम्हाला कधी धड कळलं नव्हतं.

रोखीचा खरा त्रास सुट्यांचा. एटीएमच्या तोंडी पाचशेच्याच नोटा जास्त. शंभर-दोनशेच्या नोटाही एटीएममध्ये ठेवा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे. आमच्या भागात थोडा फरक जाणवतो, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. भाजीवाल्या मावशी पाचशेची नोट बघून "स्कॅन करा ना" म्हणतात, त्यांचंही चूक नाही. रोख हरवण्याची भीतीही खोटी नाही. गर्दीत खिशातून पाचशेची नोट पडली ती गेलीच. व्याज बुडतं म्हणतात, ते मात्र मनावर घेऊ नका. १८,००० महिनाभरात संपत जातात म्हणजे सरासरी ९,०००, आणि बचत खात्याचा दर अडीच टक्के धरला तर महिन्याला वीस रुपयेसुद्धा होत नाहीत.

ज्यांची खरेदी दोन-तीन मोठ्या दुकानांतच होते, किंवा जे महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर असतात, त्यांनी यूपीआयवर राहायला माझी हरकत नाही. दुकानाचं नाव स्टेटमेंटमध्ये स्वच्छ दिसतं. हवं तर घरखर्चाला वेगळं खातं उघडावं, म्हणजे निदान मर्यादा तरी राहते. पण घरात खर्च करणारे हात दोन असतील आणि भाजी-फळं रस्त्यावरून येत असतील, तर मला विचाराल तर रोखच. एकदम पाच पाकिटं जड वाटली तर पहिला महिना भाजी आणि बाहेरचं खाणं, ही दोनच करून बघा.

आणि पैसे एटीएममधून काढू नका. विड्रॉवल स्लिप भरून काउंटरवर जा, शक्यतो सकाळी अकराच्या आत. मी शंभराचं एक अख्खं बंडल मागतो, किराण्यापुरत्या दहा नोटा पाचशेच्या, दोन हजारांच्या पन्नासच्या आणि हजाराच्या वीसच्या. वीसच्या नोटा आधी मोजून घ्या, रिक्षाच्या पाकिटात त्या लागतातच.