चालू स्थितीतला, पण बाद झालेला: जुना निन्टेन्डो स्विच घेताना आलेला अनुभव

हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्रांविषयी ग्राहकांची मते वाचायला बसले, तर दिवस पुरत नाही. निन्टेन्डो स्विचबद्दल तर बोलायचे काही शिल्लकच राहिलेले नाही. जॉय-कॉनची, म्हणजे यंत्राच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या कंट्रोलरची, काडी काही महिन्यांनी हात न लावताही एका बाजूला सरकू लागते, टीव्हीला जोडायच्या डॉकमध्ये घालता-काढता पडद्यावर ओरखडे उठतात, गेमच्या किमती वर्षानुवर्षे उतरत नाहीत, आणि एवढे असूनही घरातली लहानथोर मंडळी ते यंत्र खाली ठेवत नाहीत. ही मते बहुतांशी खरी आहेत. मात्र ती मॉडेलविषयी असतात. आपल्या हाती येणाऱ्या एका नगाचा पूर्वेतिहास त्यांत सापडत नाही, आणि माझी फसवणूक झाली ती नेमकी त्या पूर्वेतिहासात.

स्विच २०१७ च्या मार्चमध्ये जगात विक्रीला आला, तरी भारतात त्याची अधिकृत विक्री झाली नाही. आपल्याकडच्या दुकानांत जो मिळतो तो बाहेरून आणलेला असतो आणि त्याची हमी फार तर दुकानदाराच्या शब्दावर चालते. त्यामुळे वापरलेल्या यंत्रांचा बाजार जोरात आहे, आणि पुण्यासारख्या विद्यार्थ्यांच्या व संगणक कंपन्यांतल्या नोकरदारांच्या शहरात तर रोज नव्या जाहिराती दिसतात. माझ्या भाच्याला दहावीच्या परीक्षेनंतर स्विच हवा होता, आणि नवीन घेण्याचे आमच्या ताईच्या मनात नव्हते.

जाहिरातीत ‘जास्त बॅटरीवाले नवे मॉडेल, मूळ खोक्यासह, शंभराहून अधिक गेम भरून’ असे लिहिले होते आणि किंमत चौदा हजार होती. विक्रेता कर्वे रस्त्यावर गरवारे महाविद्यालयाच्या मेट्रो स्थानकाखाली भेटला. पंचविशीतला, अतिशय नम्र मुलगा. प्रत्येक वाक्यात ‘काका’. त्याने यंत्र चालू करून चार-पाच गेम उघडून दाखवले, दोन्ही काड्या फिरवून दाखवल्या आणि स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून ‘जोडणी यशस्वी’ हा संदेशही दाखवला. जाताजाता एक सल्लाही दिला: “काका, हे पूर्ण बंद करू नका बरं का, नुसतं स्लीपवर ठेवा. सारखं बंद-चालू केलं की बॅटरी जाते.” काळजीने सांगितलेल्या या वाक्याचा अर्थ पुढे कळला, आणि इतका सभ्य सापळा मी तरी पूर्वी पाहिला नव्हता.

एका रात्री भाचा चार्जिंगला लावायला विसरला आणि बॅटरी पूर्ण उतरली. सकाळी यंत्र चालू झाले, पण पडद्यावर एकही गेम नव्हता. मेमरी कार्ड जागेवर होते, त्यातली जागा भरलेलीही दिसत होती; गेमचे चौकोन तेवढे नाहीसे झाले होते. मग भाच्याच्या नावाने निन्टेन्डो खाते उघडून कंपनीचे ई-शॉप, म्हणजे गेमचे ऑनलाइन दुकान, उघडू गेलो, तेव्हा २१२४-४००७ हा त्रुटिक्रमांक आला. या यंत्रावरून ऑनलाइन सेवा वापरण्यावर कंपनीने निर्बंध घातला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने दोन मिनिटांत सगळे उलगडून सांगितले. स्विचच्या सुरुवातीच्या नगांमधल्या टेग्रा या मुख्य चिपमध्ये एक उणीव आहे. ती २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारी आज्ञावली चिपमध्येच कोरलेली असल्यामुळे ती उणीव नंतरच्या कोणत्याही अपडेटने बुजत नाही. उजव्या जॉय-कॉनच्या खाचेत एक छोटी क्लिप सरकवायची, यंत्र संगणकाला जोडायचे, आणि कंपनीच्या प्रणालीऐवजी दुसरीच प्रणाली चालवायची. तीवर चोरलेले गेम चालतात. पण ही करामत यंत्र पूर्ण बंद होईपर्यंतच टिकते. वीज गेली की ते पुन्हा कंपनीच्या मूळ प्रणालीवर येते, जिला हे गेम दिसत नाहीत. बंद न करण्याच्या सल्ल्याचा बॅटरीशी काहीएक संबंध नव्हता.

असे यंत्र चोरलेल्या गेमसह कंपनीच्या सर्व्हरशी जोडले गेले की कंपनी त्यावर बंदी घालू शकते. बंदी माणसाच्या खात्यावर नव्हे, तर त्या नगावर बसते. खाते बदलले, सगळे पुसून पहिल्यासारखे केले, तरी ती उठत नाही. ई-शॉपमधून गेम विकत घेणे आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळणे कायमचे बंद होते. विकत आणलेली गेमची कार्डे मात्र खाचेत घातली की चालतात. म्हणूनच भेटीच्या वेळी सगळे नीट दिसते. वाय-फायसुद्धा व्यवस्थित जोडले जाते, कारण ती जोडणी इंटरनेटशी असते आणि बंदी कंपनीच्या सेवांवर असते. थोडक्यात, जे शंभर गेम मला भेट म्हणून दाखवले जात होते, त्यांच्यामुळेच ते यंत्र बाद झाले होते.

खोक्याचा प्रकारही त्याच कारागिराने दाखवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डोने जास्त काळ चालणाऱ्या बॅटरीचे सुधारित मॉडेल आणले. कंपनीच्या सांगण्यानुसार जुने अडीच ते साडेसहा तास चालते, तर सुधारित साडेचार ते नऊ तास. सुधारित मॉडेलच्या खोक्याची पार्श्वभूमी संपूर्ण लाल असते आणि त्याचा अनुक्रमांक ‘एक्सकेडब्ल्यू’ या अक्षरांनी सुरू होतो. मला मिळालेले खोके लाल होते. यंत्राच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी, बारीक अक्षरांत जो क्रमांक होता तो मात्र ‘एक्सएडब्ल्यू’ने सुरू होत होता. म्हणजे खोके एका यंत्राचे आणि यंत्र दुसरेच. तो क्रमांक वाचायला माझ्या चष्म्याबरोबर मोबाइलच्या कॅमेऱ्याचीही मदत लागली, एवढा तो लहान आहे. विकणाऱ्यांची भिस्त यावरही असते.

मी विक्रेत्याला कळवले, तेव्हा त्याचे उत्तर असे आले: “काका, दिलं तेव्हा चालू होतं ना? ऑनलाइन खेळायचं आहे असं तुम्ही म्हणालाच नव्हता.” त्यानंतर त्याचा क्रमांक लागलेला नाही. रक्कम मी यूपीआयने स्वतः पिन टाकून पाठवली असल्याने ती परस्पर परत फिरवता येणार नाही, असे बँकेने सांगितले. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि पोलिसांकडे लेखी अर्जही दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचा गुन्हा कलम ३१८ खाली येतो. पूर्वीच्या दंड संहितेत त्यालाच आपण चारशेवीस म्हणत असू. ग्राहक आयोगाचा मार्ग इथे अवघड आहे, कारण आपली वापरलेली वस्तू एखाद्या वेळी विकणारी खासगी व्यक्ती सहसा व्यापारी ठरत नाही. हेच यंत्र दुकानातून पावतीवर घेतले असते, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता आली असती आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार करता आली असती. दोन-तीन हजार जास्त देऊन, यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेली पावती देणाऱ्या दुकानातून जुना नग घेणे मला आज स्वस्त वाटते.

व्यक्तीकडूनच घ्यायचा असेल, तर घरून निघण्यापूर्वी स्वतःचे निन्टेन्डो खाते उघडून ठेवावे. त्याला पैसे पडत नाहीत. भेटल्यावर विक्रेत्याने काही दाखवण्याआधीच यंत्र पूर्ण बंद करायला सांगावे. त्यासाठी वरचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, नुसते दाबले तर ते फक्त झोपते. पुन्हा चालू करून आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावे, आपले खाते घालावे आणि ई-शॉप प्रत्यक्ष उघडून पाहावे. दुकानाचे पान उघडले, तरच पुढचे बोलणे करावे. ‘रेंज नाही’, ‘घाई आहे’, ‘खाते घातले तर माझे गेम उडतील’ यांपैकी काहीही ऐकू आले, तर तिथेच नमस्कार करून निघावे. स्विचच्याच ओलेड किंवा लाइट या नंतरच्या मॉडेलांवर ती सुरुवातीच्या चिपची युक्ती चालत नाही, पण त्यांच्या आत वेगळी चिप डकवून तेच साधले जाते. तेव्हा यंत्राच्या पाठीवरचे, तीन टोकांची खाच असलेले स्क्रू खरवडलेले आहेत का, हेही उजेडात पाहून घ्यावे.

जाहिरातीचे पान, सगळे संदेश आणि पैसे दिल्याचा व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट वाद सुरू होण्याआधीच काढून ठेवावेत. माझ्या प्रकरणात जाहिरात तक्रारीनंतर दिसेनाशी झाली. तिचे चित्र भाच्याने सुरुवातीलाच मित्रांना पाठवले होते, म्हणून ‘जास्त बॅटरीवाले नवे मॉडेल’ हे शब्द अर्जाला जोडता आले. पैसे अद्याप परत आलेले नाहीत.