लेथची स्टेडी स्वतः बनवताना: गनमेटलची टोकं की बेअरिंग?

लांब शाफ्टच्या टोकाला फेसिंग (टोक सपाट कातणं) किंवा बोअरिंग (आतून भोक कातणं) करायचं आणि टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचा, उपयोग करता येत नाही, अशा कामाला स्टेडीशिवाय, म्हणजे शाफ्टला तीन बाजूंनी धरणाऱ्या रिंगशिवाय, इलाज नाही. पकडणाऱ्या चकबाहेरची लांबी व्यासाच्या साधारण चौपटीपुढे गेली की जॉब (कातायचा तुकडा) थरथरायला लागतो. जुन्या लेथसोबत स्टेडी क्वचितच मिळते. नागपूरजवळ हिंगण्याला किंवा बुटीबोरीला प्लेट गॅसने कापून मिळते, त्यामुळे रिंगचं फारसं अडत नाही. अडतं ते जॉबला टेकणाऱ्या तीन फिंगरच्या टोकांवर: ती गनमेटलची (तांब्याच्या मिश्रधातूची) ठेवायची की तिथे बेअरिंग बसवायचं?

रिंग दोन्हींत तीच: 25 मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, आधी वेल्डिंग, मग मशीनिंग. उलट केलं तर वेल्डिंगच्या ओढीने फिंगरचे गाळे (खाचा) वाकडे होतात. वरच्या झाकणाचं बिजागर अनेक जण हलकं ठेवतात, ते चूक आहे. समोरून टूल लावलं की जॉबची तिथली बाजू खाली येत असते, म्हणजे टूल जॉबला वर उचलतं. हा भार वरच्या फिंगरवर येतो. बिजागराला 12 मिमीची पिन, रीमर फिरवून अचूक केलेलं भोक आणि दुसऱ्या बाजूला एम12 चा बोल्ट हवा.

गनमेटलचं काम सोपं आहे. 20 मिमी चौकोनी ब्राइट बारच्या टोकाला 12 मिमीचं भोक 15 मिमी खोल पाडा, त्यात गनमेटलचा तुकडा 8 मिमी बाहेर ठेवून बसवा आणि एम5 ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) आवळा. झिजला की बदलता येतो. भंगारातली जुनी पंपाची बुशही चालते. टोकं जॉबवर घासतात, म्हणून तेल सतत लागतं. 50 मिमीचा जॉब मिनिटाला 300 फेऱ्यांवर फिरवला तर घसरण्याचा वेग मिनिटाला 47 मीटर होतो. तेल सुटलं की टोकं तापतात, गनमेटल जॉबला चिकटतं आणि ओरखडे पडतात. जॉबही फुगतो: 50 मिमीचं पोलाद 40 अंशांनी तापलं तर व्यास जवळपास 0.024 मिमीने वाढतो. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 ला टेकलेला असताना सकाळी लावलेली फिंगर दुपारी आवळलेली वाटते, त्यामुळे अधूनमधून तपासून सैल करावी लागते.

बेअरिंगला तेलाची ही कटकट नाही आणि वेगही जास्त चालतो. 6200 झेडझेड (दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं) घ्या: आतून 10, बाहेरून 30, रुंदी 9 मिमी. फिंगरला 10 मिमीचा गाळा, पिनचं केंद्र टोकापासून 11 मिमीवर, गाळ्याची खोली 28 मिमी. दोन्ही बाजूंना अर्ध्या मिमीचे वॉशर, पण ते फक्त आतल्या रिंगला टेकले पाहिजेत.

बेअरिंगची खरी परीक्षा सरळपणात आहे. बेअरिंगचा अक्ष स्पिंडलशी समांतर नसेल तर ते जॉबला स्क्रूसारखं ओढतं. 50 मिमीच्या जॉबचा घेर 157 मिमी. अर्धा अंश तिरकेपणा असला तर एका फेऱ्याला 1.4 मिमीपर्यंत ओढ तयार होते. जॉब हळूहळू चकमधून बाहेर सरकतो, टूलवर आदळतो, कधी निसटतोही. म्हणून फिंगर गोल नको, ती वळते. चौकोनी फिंगर गाळ्यात डुलू न देता बसवा आणि तिन्ही पिनची भोकं एकाच सेटिंगमध्ये पाडा. तपासायला जॉबच्या टोकावर डायल (काट्याचं मोजमाप यंत्र) लावा आणि सर्वांत कमी वेगावर वीस फेरे फिरवा. काटा एकाच दिशेने चालत राहिला तर ती ओढ आहे. पुढे मागे झाला तर फक्त फेसचा रनआउट, म्हणजे टोकाचा पृष्ठभाग तिरका.

दुसरा त्रास चिपचा. बेअरिंगखाली चिप आली की जॉबवर दाबून खड्डा पाडते. ॲल्युमिनियम-पितळेवर तर लगेच दिसतो. टूल आणि स्टेडीच्या मधे पत्र्याची किंवा रबराची चकती जॉबवर बसवा.

ऑर्डर रोज वेगळी येत असेल तर आधी गनमेटल बनवा. कन्व्हेयर रोलरच्या शाफ्टसारखं एकाच मापाचं काम शेकड्यांनी असेल तर बेअरिंगवर वेळ घालवणं परवडतं. फिंगरचा 20 मिमी चौकोन दोन्हींत सारखा ठेवला तर एकाच रिंगमध्ये दोन्ही संच बसतात.

आणि काळा (न कातलेला, खडबडीत) बार कशावरही थेट टेकवू नका. आधी सेंटरवर धरून टोकांच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त पट्टा कातून घ्या, स्टेडी त्या पट्ट्यावर लावून खालच्या दोन फिंगर आधी टेकवा, वरची शेवटी हलकेच.