एका घरात अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोज: बिटवॉर्डनचा फॅमिली प्लॅन कसा चालतो

महावितरणचा ग्राहक क्रमांक बाबांच्या डायरीत, मिळकतकराचं लॉगिन आईच्या व्हॉट्सॲपवर, पाइप गॅस देणाऱ्या एमएनजीएलचा बीपी (ग्राहक) नंबर जुन्या बिलावर आणि सोसायटीच्या ॲपचा पासवर्ड फक्त सुनेला पाठ. पुण्यातल्या बऱ्याच घरांत हा कारभार असाच चालतो. त्यात आजोबांकडे रेडमी, मुलीकडे आयफोन आणि ऑफिसचं काम करणाऱ्यांकडे विंडोजचा लॅपटॉप. अशा मिश्र घरासाठी ॲपलचं पासवर्ड्स ॲप बाद होतं, कारण ते अँड्रॉइडवर नाही. गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये पासवर्ड पाठवता येतो, पण समोरच्याला त्याची प्रत मिळते. मूळ पासवर्ड बदलला की पुन्हा पाठवायचा. बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये नोंद एकच राहते आणि ती सगळ्यांना दिसते, म्हणून आमचं मत त्याच्या बाजूने आहे.

घरात दोघंच असतील तर पैसे भरायची गरज नाही. मोफत खात्यात पासवर्ड कितीही ठेवा, उपकरणं कितीही जोडा. शिवाय दोन माणसांची एक ऑर्गनायझेशन (म्हणजे सामायिक नोंदींचा गट) आणि त्यात दोन कलेक्शन (म्हणजे नोंदींचे कप्पे) मिळतात. तिसरा माणूस आला की फॅमिलीज प्लॅन घ्यावा लागतो. त्यात सहा जणांना जागा आहे आणि सहाही जणांना प्रीमियमच्या सोयी मिळतात.

सुरुवात लॅपटॉपवर करा, कारण ऑर्गनायझेशन वेबसाइटवरूनच तयार होते. खातं उघडताना सर्व्हर निवडायचा असतो: डॉट कॉम म्हणजे अमेरिका, डॉट ईयू म्हणजे युरोप. एकाने डॉट कॉम आणि दुसऱ्याने डॉट ईयू निवडलं, तर त्या दोघांना एका ऑर्गनायझेशनमध्ये येता येत नाही. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल, तर आधी लॉगिनच्या पडद्यावरचा सर्व्हर बघा.

माणसं जोडण्याच्या तीन पायऱ्या आहेत: आमंत्रण पाठवायचं, समोरच्याने ते स्वीकारायचं आणि मग ऑर्गनायझेशनच्या मालकाने, म्हणजे ती तयार करणाऱ्याने, परत येऊन 'कन्फर्म' करायचं. तिसरी पायरी हमखास राहते. आई म्हणते, "माझ्याकडे काहीच दिसत नाही", आणि दोष ॲपला जातो. ही पायरी का आहे, तर सामायिक नोंदी ऑर्गनायझेशनच्या किल्लीने कूटबद्ध केलेल्या असतात. मालक कन्फर्म करतो तेव्हाच ती किल्ली त्या सदस्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून त्याला दिली जाते. कन्फर्म करताना पाच शब्दांचं फिंगरप्रिंट वाक्य दिसतं. ते फोनवर एकमेकांना वाचून ताडून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

मास्टर पासवर्ड, म्हणजे बिटवॉर्डनच्या खात्याचा पासवर्ड, किमान बारा अक्षरांचा लागतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिणं हा ज्येष्ठांसाठी चांगला मार्ग आहे, पण 'व' साठी व्ही की डब्ल्यू आणि 'आ' साठी एक ए की दोन, हे आधी ठरवून कागदावर तसंच लिहा. ओळखीच्या गाण्याची किंवा अभंगाची ओळ घेऊ नका. देवनागरीत टाइप केलेला मास्टर पासवर्डही टाळा. प्रत्येक कीबोर्ड जोडाक्षर आणि नुक्ता सारखाच पाठवेल याची खात्री नसते. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, तिकडेही लक्ष असू द्या.

बोटाच्या ठशाने ॲप फक्त उघडतं. नव्या उपकरणावर लॉगिन करायला मात्र सहसा मास्टर पासवर्डच लागतो. वर्षभर ठसाच वापरला आणि नवा फोन घेतला की पासवर्ड आठवत नाही. कंपनीकडे तो नसतो, त्यामुळे तिलाही परत देता येत नाही. शिवाय दुहेरी पडताळणी बंद असेल, तर नव्या उपकरणावर लॉगिन करताना ईमेलवर कोड येतो. त्या ईमेलचा पासवर्ड जर बिटवॉर्डनमध्येच असेल, तर किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतल्यासारखं होतं. म्हणून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घरच्या तिजोरीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा: मास्टर पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचा रिकव्हरी कोड.

आयफोनवर काम सरळ आहे. आयओएस १८ मध्ये सेटिंग्ज, जनरल, मग 'ऑटोफिल अँड पासवर्ड्स' (ऑटोफिल म्हणजे पासवर्ड आपोआप भरणं) इथे बिटवॉर्डन चालू करा आणि ॲपलचं स्वतःचं ॲप बंद करा. दोन्ही चालू राहिली की कुठला पासवर्ड ताजा, हे कळत नाही. एक खाचखळगा जाणकारांसाठी: सुरक्षा वाढवायची म्हणून आर्गॉनटूआयडी (मास्टर पासवर्डपासून किल्ली बनवण्याची एक पद्धत) निवडून त्याची मेमरी ६४ एमबीच्या पुढे नेली, तर आयफोनवर ऑटोफिल अडखळू शकतं, कारण आयओएस त्या कामाला मोजकीच मेमरी देते. मूळ आकडा आहे तसाच ठेवा.

खरा त्रास अँड्रॉइडवर होतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये ऑटोफिल सेवा म्हणून बिटवॉर्डन निवडल्यावरही क्रोम गप्प राहू शकतो. क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोफिल सर्व्हिसेस' मध्ये जाऊन दुसरी सेवा वापरण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. त्याबरोबर गूगलचं 'पासवर्ड सेव्ह करू का' हे विचारणंही बंद करा. शाओमी, विवो, रिअलमीसारख्या फोनांत बॅटरी वाचवणारी यंत्रणा ॲप पार्श्वभूमीतून काढून टाकते. तिथे बिटवॉर्डनला ऑटोस्टार्टची परवानगी द्या आणि बॅटरीवरचं बंधन काढा. वेबसाइटसाठी केलेली नोंद त्याच सेवेच्या ॲपमध्ये दिसली नाही तर घाबरू नका. पहिल्यांदा शोधून 'ऑटोफिल आणि सेव्ह' निवडा, म्हणजे त्या ॲपचा पत्ता नोंदीत जोडला जातो.

घरातला लॅपटॉप चौघांत असेल, तर प्रत्येकाचं वेगळं क्रोम प्रोफाइल करा आणि बिटवॉर्डनचं एक्स्टेन्शन (ब्राउझरमध्ये जोडायचं छोटं ॲप) त्यात स्वतंत्र टाका. टाइमआउटला 'लॉगआउट' ऐवजी 'लॉक' ठेवलं आणि पिनने किंवा बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय चालू केली, की ज्येष्ठांना दर वेळी मास्टर पासवर्ड टाइप करावा लागत नाही.

जुने पासवर्ड क्रोममधून सीएसव्ही फाइलने आणता येतात. त्या फाइलमधले पासवर्ड कुणालाही वाचता येतात; आयात झाली की ती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. तीच फाइल दोनदा आयात केली तर प्रत्येक नोंद दोनदा येते, बिटवॉर्डन दुहेरी नोंदी ओळखून काढत नाही.

आता सामायिक काय करायचं ते. 'घर' नावाच्या कलेक्शनमध्ये महावितरण, एमएनजीएल, मिळकतकर, वायफाय, सोसायटीचं ॲप, ओटीटी. 'शाळा' हे फक्त आईवडिलांचं कलेक्शन. मुलांना 'घर' मध्ये फक्त बघण्याची परवानगी द्या. नोंद सामायिक केली की तिची मालकी ऑर्गनायझेशनकडे जाते, आणि संपादनाचा अधिकार असलेल्याने पासवर्ड बदलला की तो सगळ्यांसाठी बदलतो. चुकून पुसलेली नोंद ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते.

बँकेचा पासवर्ड आणि यूपीआय पिन या कलेक्शनमध्ये टाकू नका, यावर आम्ही ठाम आहोत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे फसवणूक झाली, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. तसंही ओटीपी खातेदाराच्याच मोबाइलवर येतो, त्यामुळे बाणेरच्या मुलाला सदाशिव पेठेतल्या बाबांच्या खात्यात एकट्याने काही करता येत नाही. संयुक्त खातं असेल तर प्रत्येक खातेदाराने स्वतःचा युजर आयडी घ्यावा.

मग बाबा दवाखान्यात असताना काय? त्यासाठी 'इमर्जन्सी ॲक्सेस' आहे आणि या प्लॅनमधली आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली सोय हीच. बाबा आपल्या वैयक्तिक व्हॉल्टसाठी (स्वतःच्या पासवर्डांच्या तिजोरीसाठी) मुलीला नेमतात आणि मुदत ठरवतात, समजा सात दिवस. मुलीने मागणी केली की बाबांना ईमेल जातो. सात दिवसांत त्यांनी नकार दिला नाही तर दार उघडतं. 'व्ह्यू' मध्ये फक्त बघता येतं. 'टेकओव्हर' मध्ये नवा मास्टर पासवर्ड लावून खातंच हाती घेता येतं. इथेही आमंत्रण, स्वीकार, कन्फर्म या तिन्ही पायऱ्या आधीच पूर्ण झालेल्या हव्यात. सदस्याचा मास्टर पासवर्ड मालकाने परत मिळवून देण्याची सोय फॅमिलीज प्लॅनमध्ये नाही, ही त्याची मोठी उणीव. वनपासवर्डच्या फॅमिली प्लॅनमध्ये ती आहे. विसराळू माणसं जास्त असलेल्या घराने तिकडे जरूर बघावं.

पैसे वर्षातून एकदा, डॉलरमध्ये. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ऑक्टोबर २०२१ पासून ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचे) नियम लागू असल्याने परदेशी सेवेचं आपोआप होणारं नूतनीकरण भारतीय कार्डावर अडकू शकतं, म्हणून तारीख कॅलेंडरमध्ये पंधरा दिवस आधी लिहा. मुदत संपली तर प्रत्येकाचं वैयक्तिक व्हॉल्ट चालू राहतं, पण ऑर्गनायझेशन पैसे भरेपर्यंत बंद होते आणि 'घर' कलेक्शन कुणालाच उघडत नाही. त्याआधी बॅकअप घ्याच. वैयक्तिक एक्सपोर्टमध्ये सामायिक नोंदी येत नाहीत. ऑर्गनायझेशनची एक्सपोर्ट वेगळी काढावी लागते. प्रकार निवडताना 'पासवर्ड प्रोटेक्टेड' घ्या, 'अकाउंट रिस्ट्रिक्टेड' नको. दुसऱ्या प्रकारची फाइल जिथून काढली त्याच खात्यात परत जाते, इतर कुठेही नाही.