कारची डुप्लिकेट रिमोट चावी: आठ महिने वापरल्यावर

गणपतीच्या गर्दीत खिशातून चावी पडली ती गेलीच. घरी एक स्पेअर होती म्हणून गाडी चालू राहिली, पण एकाच चावीवर किती दिवस काढणार. सर्व्हिस सेंटरने नऊ हजार सांगितले आणि वर दोन आठवडे थांबा म्हणाले, मग मित्राने पुण्यातच नाना पेठेतल्या एका चावीवाल्याकडे पाठवलं. साडेतीन हजार, पाऊण तास.

त्याने आधी आरसी बघितली मगच कामाला हात लावला, हे मला फार आवडलं. पातं कापून झाल्यावर स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायचं सॉकेट) मशीन जोडलं आणि मी न सांगताच हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाकली. यासाठी घरची दुसरी चावी सोबत न्यावीच लागते कारण सगळ्या चाव्या पुसून परत नोंदवाव्या लागतात. आता ती हरवलेली चावी कुणाला सापडली तरी इंजिन चालू होणार नाही, दार मात्र पात्याने उघडेल, म्हणून गाडीत किमती काही ठेवत नाही.

रेंज ओरिजिनलपेक्षा कमीच आहे. जुन्या चावीने दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून लॉक व्हायचं, हिला गाडीपासून दहा पावलांवर यावं लागतं. पाचव्या महिन्यात पातं उघडायची स्प्रिंग सैल झाली म्हणून तीनशेची नवीन शेल, म्हणजे चावीचं बाहेरचं कव्हर, आणून घरीच बदलली, आणि तिथे घोळ झाला. रिमोटची प्लेट नव्या शेलमध्ये बसवली, दारं मस्त उघडली, पण गाडी काही चालू होईना, डॅशबोर्डवर चावीचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता. अर्ध्या तासाने लक्षात आलं की जिच्यावरून गाडी चावी ओळखते ती चिप जुन्या शेलमध्येच राहिलीय! तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशीच मोठी, काळी, कोपऱ्यात चिकटलेली, कचऱ्यातच जाणार होती. रिमोट वेगळा आणि चिप वेगळी हे तेव्हा नीट समजलं. चिपला सेल लागतच नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला पॉवर मिळते, त्यामुळे मागच्या महिन्यात रिमोटचा सेल गेला तेव्हा दार पात्याने उघडून गाडी नेहमीसारखी चालू केली.

स्टार्टिंगला आजवर एकदाही दगा दिलेला नाही, भर पावसातसुद्धा. तुमच्याकडे सध्या एकच चावी असेल तर ती हातात आहे तोवरच दुसरी करून घ्या, दोन्ही गेल्यावर गाडी टो करून न्यावी लागते किंवा चावीवाल्याला घरी बोलवावं लागतं आणि मग खर्चही बराच वाढतो.