जुन्या 1911 ची उडालेली फ्रंट साइट आणि आमच्याकडचा गनस्मिथ

कोलंबसच्या बाहेर, कॉर्नफील्ड सुरू होतात तिथे एक गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, आहे, गॅरेजएवढं दुकान, धड बोर्डपण नाही. त्याच्याबद्दल लिहितोय कारण ओहायोतल्या ज्या दोन-चार मराठी लोकांना जुन्या पिस्तुलांचा नाद आहे त्यांना उपयोग होईल.

माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातली एम1911ए1 आहे, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या 1911 पिस्तुलाचा सुधारलेला प्रकार, रेमिंग्टन रँडची. होय, तीच टाइपरायटरवाली, आपल्याकडे कोर्टाबाहेर ज्यांची मशिनं दिवसभर खडखडायची. युद्धात त्यांनी सिरॅक्यूजला पिस्तुलं बनवायला घेतली आणि खुद्द मूळ कंपनी कोल्टपेक्षा जास्त बनवून मोकळे झाले. तर नेमबाजीच्या रेंजवर एक दिवस फ्रंट साइटच (नेम धरायचा पुढचा छोटा तुकडा) उडाली, कुठे गेली पत्ता नाही. 1911 चं हे जुनंच दुखणं आहे, साइट वेगळा तुकडा असते, तिचा पाय स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) खाचेतून आत जातो आणि आतून ठोकून रिव्हेटसारखा पसरवलेला असतो, झटके खाऊन खाऊन तो सैल होतो आणि मग एक दिवस रामराम.

आधी एका मोठ्या चकाचक दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या पोराने नीट बघितलंसुद्धा नाही, म्हणे स्लाइडवर डव्हटेल (तिरक्या कडांची आडवी खाच) कापू आणि रात्री चमकणारी साइट बसवू. अरे बाबा, ऐंशी वर्षांची ओरिजिनल स्लाइड आहे ती! एकदा कापली की कलेक्टर हात लावत नाही.

आमच्या गनस्मिथने मात्र फोनवरच सांगितलं, अख्खं पिस्तूल आणू नकोस, फक्त स्लाइड आण. इथल्या कायद्यात सिरियल नंबरवाली फ्रेम (खालचा मुठीचा सांगाडा) म्हणजे बंदूक, स्लाइड नुसता पार्ट, त्यामुळे ठेवून घ्यायला त्याला रजिस्टरमध्ये नोंद करावी लागत नाही. मी आपलं शहाणपणा करत विचारलं, सिल्व्हर सोल्डर (चांदीमिश्रित धातू वितळवून जोडणं) करून टाका ना, परत उडायला नको. तो चक्क नाही म्हणाला. सोल्डरसाठी सहाशे डिग्रीच्या वर तापवावं लागतं, मग ते करडं-हिरवट पार्करायझिंग (स्टीलवरचा संरक्षक थर) गेलंच, आणि स्लाइडच्या स्टीलला एवढा ताप देणं त्याला पटत नाही. पैसे मिळत असताना नाही म्हणणारा माणूस मला तिथेच आवडला.

मग खोक्यातून जुन्या जीआय (लष्करी) साइट काढून बसला. आताच्या बऱ्याच साइटचा पाय रुंद असतो, जुन्या स्लाइडची खाच अरुंद, त्यामुळे त्याच मापाची शोधावी लागते. उंचीपण बघावी लागते, पुढची साइट उंच झाली की गोळी खाली लागते. मिळाली तशी एक, रंगसुद्धा बऱ्यापैकी जुळणारा. स्लाइड उलटी करून साइट ठोकळ्याच्या खाचेत टेकवली आणि आतून पंचने हळूहळू ठोकत पाय पसरवला, घाई अजिबात नाही, दर दोन ठोक्यांनी टॉर्च मारून बघायचा. नंतर आत आलेला उंचवटा बारीक फाइलने घासला, नाहीतर बॅरल बुशिंग (नळीचं पुढचं टोक धरणारं कडं) आत जात नाही.

साठ डॉलर घेतले, जास्त वाटले नाहीत. साइटच्या बुडाशी केसाएवढी चकाकी दिसते, ते त्याने आधीच सांगितलं होतं. त्यानंतर 230 ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) बऱ्याच गोळ्या मारल्या, साइट हललेली नाही आणि नेमही होता तिथेच आहे.

तक्रारी आहेत. सकाळी फोन उचलत नाही, कार्ड घेत नाही, आणि बोलायला लागला की थांबत नाही, माझ्या बायकोने गाडीत बसून तीनदा हॉर्न दिला. माझी 1911 इथल्या कायद्याने अँटिकसुद्धा नाही (त्याला 1898 किंवा त्याआधीची लागते, ही पन्नास वर्षांवरची म्हणून नुसती क्युरिओ अँड रेलिक, म्हणजे संग्राह्य जुनी बंदूक) यावर पाऊण तास लेक्चर ऐकलं. पाचपैकी साडेचार. दुपारी फोन करा, कॅश न्या, आणि घरचं माणूस बरोबर असेल तर त्याला घरीच ठेवा.