हायफनवालं डोमेन की सलग डोमेन? पैसा कुठे आहे आणि कुठे नाही

डोमेनसाठी, म्हणजे साइटच्या पत्त्यासाठी, मनात धरलेलं नाव डॉट कॉममध्ये शोधलं, तर ते कुणीतरी आधीच घेतलेलं असतं. पण खालच्या यादीत तेच नाव, मध्ये हायफन (-) घालून, हजार-बाराशे रुपयांत मोकळं दिसतं. इथे दोन प्रकारची माणसं थांबून विचार करतात. एकाला आपल्या धंद्यासाठी पत्ता हवा असतो. दुसऱ्याला ते नाव स्वस्तात घेऊन पुढे चढ्या भावानं विकायचं असतं. माझं मत आधीच सांगतो. धंदा करणाऱ्याला हायफन काही वेळा परवडतो, विकण्यासाठी घेणाऱ्याला जवळजवळ कधीच नाही.

आधी नाव फोनवर सांगून पाहा

व्याकरणात आपण त्याला संयोगचिन्ह म्हणतो, पण फोनवर ते कुणी म्हणत नाही. कुणी डॅश म्हणतो, कुणी मायनस, कुणी नुसतं 'मध्ये आडवी रेघ'. ऐकणारा कधी खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर टाकतो. असं डोमेन नोंदवताच येत नाही. रोमन लिपीतल्या नावात चालतात ती इंग्रजी अक्षरं, अंक आणि हायफन, आणि हायफनही सुरुवातीला किंवा शेवटी नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना आधीच घोळ असतो. 'आंबा'ला एक ए की दोन, 'हापूस'ला यू की डबल ओ? त्यात रेघ आली की ग्राहकाला चुकायला आणखी एक जागा मिळते.

कोकणातल्या एका होमस्टेची साइट मी काही वर्षांपूर्वी केली होती. सलग नाव गेलेलं होतं, म्हणून मी हायफनचं सुचवलं. कार्डं छापली, महामार्गावर फलक लागला. मग पाहुण्यांचे फोन येऊ लागले, "काका, साइट उघडली, पण खोल्या वेगळ्याच दिसतायत." सलग नाव दुसऱ्या तालुक्यातल्या एका होमस्टेकडे होतं. चुकून तिथे गेलेला पाहुणा निदान फोन करून विचारत तरी होता. चुकलेल्या ईमेलचं तसं नाही. आगाऊ रकमेच्या पावत्या रेघ न टाकलेल्या पत्त्यावर गेल्या आणि आम्हाला ते आठवडाभर कळलंही नाही. ती चूक माझ्या सल्ल्याची होती. तेव्हापासून कुणालाही हायफन सुचवण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो, 'तुमचा पत्ता लोक ऐकतात की दाबतात?' व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून, क्यूआर कोडवरून किंवा गुगलच्या निकालातून येणाऱ्या माणसाला रेघेचा काहीच त्रास होत नाही. फलक, रेडिओ, एसटी स्टँडवरची जाहिरात किंवा तोंडी ओळख यांतून येणाऱ्याला होतो.

हायफनची खरी बाजू

वाचायला हायफनचं नाव सोपं असतं, हे मान्य करायलाच हवं. 'एक्सपर्ट्स एक्स्चेंज' या जुन्या तांत्रिक प्रश्नोत्तरांच्या साइटचं नाव सलग लिहिलं की त्यात भलताच अर्थ वाचला जायचा. त्यांनी मध्ये हायफन घातला आणि प्रश्न मिटला. जर्मनीत हायफनची नावं अगदी रुळलेली आहेत. टी-ऑनलाइन आणि एन-टीव्ही ही तिथली मोठी संकेतस्थळं रेघेसह चालतात, आणि जर्मन वाचकाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण लांब जोडशब्द रेघेनं तोडायची सवय त्या भाषेतच आहे. मोटारींची मर्सिडीज-बेंझ, शब्दकोशांची मेरियम-वेबस्टर यांच्या तर मूळ नावातच रेघ आहे. तिथे हायफन ही तडजोड नसते, ते नावच असतं.

भारतात मात्र रेघेला वेगळाच वास लागला आहे. बँकेचं नाव, मग हायफन, मग 'केवायसी' किंवा 'अपडेट', अशा फसव्या लिंका लोकांनी मोबाइलवर इतक्या पाहिल्या आहेत की अनोळखी रेघेचं नाव दिसलं की हात आखडतो. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठी 'बँक डॉट इन' हा राखीव पत्ता आणला, तोही अशा ऑनलाइन फसवणुकीला आळा घालण्यासाठीच. पैसे घेणारी साइट उभी करणार असाल, तर हा संशय हिशेबात धराच.

गुगलमध्ये फायदा मिळतो का?

थोडक्यात, आता नाही. एके काळी लोक शोधशब्दच रेघांनी जोडून नाव घ्यायचे आणि वर यायचे. सप्टेंबर 2012 मध्ये गुगलनं अशा नेमक्या शोधशब्दांच्या, पण निकृष्ट मजकुराच्या साइट खाली ढकलणारा बदल केला. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी 0.6 टक्के शोधांवर त्याचा ठळक परिणाम होईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. आजही गुगल हायफनला दोन शब्दांमधली मोकळी जागा समजतं, पण त्यासाठी वेगळं बक्षीस देत नाही.

विकायला घेणार असाल तर

मोठ्या विक्रीच्या बातम्या नवख्याला भुलवतात. 2010 मध्ये 'इन्शुरन्स डॉट कॉम' 3.56 कोटी डॉलरला गेलं, 2019 मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' 3 कोटी डॉलरला. पण ही दोन्ही नावं एकेका शब्दाची आहेत, त्यांत रेघ नाही.

हायफनच्या नावाचा गिऱ्हाईक कोण, हे शोधायला बसलं की यादी फार लवकर संपते. सगळ्यात खात्रीचा गिऱ्हाईक म्हणजे सलग नावाचा मालक. त्याला तुमचं नाव रक्षणापुरतं हवं असू शकतं, पण त्याचं त्यावाचून अडत नाही. शिवाय त्या नावावर त्याचा ट्रेडमार्क असेल, तर 'घेता का?' असं तुम्ही पाठवलेलं पत्र तुमच्याच विरुद्ध पुरावा होऊ शकतं. डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या 1999 च्या यूडीआरपी, म्हणजे डोमेनचे वाद मिटवण्याच्या, नियमांत, ट्रेडमार्कच्या मालकाला खर्चापेक्षा जास्त दरानं विकण्यासाठीच नाव घेणं हे दुष्ट हेतूचं लक्षण मानलेलं आहे. मध्ये रेघ घातल्यानं नाव वेगळं झालं, हा बचावही सहसा टिकत नाही. आपल्याकडे 1999 मध्येच मुंबई उच्च न्यायालयानं 'रेडिफ' या संकेतस्थळाच्या बाजूनं आणि एका अक्षरानं वेगळ्या 'रॅडिफ'विरुद्ध मनाई दिली होती. 2004 मध्ये 'सिफी' या इंटरनेट कंपनीच्या नावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डोमेन नावाला व्यापारी नावासारखं संरक्षण असल्याचं मान्य केलं.

आता हिशेब करू. धरून चाला, तुम्ही शंभर नावं घेतली आणि प्रत्येकी 1,200 रुपये नूतनीकरण. वर्षाला 1,20,000 रुपये गेले. वर्षात एक नाव 15,000 ला विकलं गेलं, तरी 1,05,000 चा खड्डा, त्यात विक्रीच्या साइटचं कमिशन धरलेलंच नाही. सलग आणि अर्थपूर्ण नावांतही हा धोका असतो, पण तिथे गिऱ्हाईक एकापेक्षा जास्त असतात आणि भाव घासाघीस होऊन वर जाऊ शकतो.

पार्किंगचं, म्हणजे रिकाम्या नावावर जाहिरातींचं पान लावून ठेवण्याचं, गणित तर आणखी कच्चं आहे. ती कमाई ब्राउझरमध्ये थेट नाव टाइप करणाऱ्यांवर चालते. अंदाजानं शब्द टाइप करून बघणारे असतात, पण त्यात रेघ टाकून बघणारा मला अजून भेटलेला नाही.

कमाई होते ती साइट उभी केल्यावर. एखाद्या जिल्ह्यातल्या सोलर पंपांची माहिती देणारी चांगली साइट हायफनच्या नावावरही चौकश्या आणून देईल, आणि त्या चौकश्यांचे पैसे मिळतील. तेव्हा किंमत मजकुराची आणि येणाऱ्या वाचकांची असते.

मग तिसरी वाट?

बहुतेकांसाठी खरी निवड 'हायफनचं डॉट कॉम की सलग डॉट इन' अशी असते. ग्राहक भारतातलेच असतील, तर मी डोळे झाकून सलग डॉट इन घेईन. किंवा नावात गाव घालीन, एखादा शब्द बदलीन. डॉट भारत हा देवनागरी पर्यायही 2014 पासून आहे. त्यात मराठी शब्द मराठीत लिहिता येतो, स्पेलिंगचा घोळ संपतो. गंमत अशी, की संगणक आतून प्रत्येक देवनागरी नाव 'एक्सएन'नंतर दोन हायफन अशाच रूपात साठवतो.

सलग नाव हातात असेल तर त्याचं हायफनवालं रूपही घेऊन ठेवा आणि मूळ साइटकडे वळवा. वर्षाच्या या खर्चाबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. दोन किंवा अधिक रेघा असलेलं नाव मात्र रक्षणापुरतंही घेऊ नका.

त्या होमस्टेवाल्या काकांना मी शेवटी गावाच्या नावासह सलग डॉट इन घेऊन दिलं. जुना हायफनचा पत्ता नव्याकडे वळवून ठेवला आहे आणि त्याचे पैसे ते दर वर्षी भरतात, कारण महामार्गावरच्या फलकावर अजून तोच आहे.