स्टूल कल्चरचा रिपोर्ट आणि ६ मिलिमीटरचं कोडं

एखाद्या लॅबच्या सेवेबद्दल लिहायची ही माझी पहिलीच वेळ, आणि तीही शौचाच्या तपासणीबद्दल. जेवता जेवता वाचायची सवय असेल त्यांनी आधी जेवून घ्यावं.

ज्या चॉपिंग बोर्डवर कच्ची कोंबडी कापली, तो नुसता पाण्याखाली धरून त्यावरच काकडी चिरली. तीन दिवसांनी ताप, मुरडा आणि जुलाब. मी पेशाने हिशेबतपासनीस. दुसऱ्याच्या वहीतली चूक मला लांबून दिसते, स्वतःच्या खणातली दिसत नाही. खणात लघवीच्या जुन्या संसर्गाच्या वेळच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या उरल्या होत्या. त्यातल्या दोन घेऊन मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी रक्त दिसलं तेव्हा डॉक्टरांकडे गेले. गोळ्यांचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता आणखी एकही घेऊ नका. नमुना द्या, ओआरएस पीत राहा." रक्त आलं म्हणजे लगेच अँटिबायोटिक, असा माझा समज. पण शिगा टॉक्सिन नावाचं विष बनवणारा ई. कोलाय जंतू निघाला, तर काही अँटिबायोटिक्समुळे मूत्रपिंडाला धोका वाढू शकतो, म्हणून आधी कोण आहे ते बघायचं. चिठ्ठीवर त्यांनी दोन तपासण्या लिहिल्या: पीसीआर पॅनेल (जनुकांवरून जंतू ओळखायचे) आणि कल्चर-सेन्सिटिव्हिटी (जंतू वाढवून त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायचं). कल्चरपुढे कंसात 'कॅम्पायलोबॅक्टरसह' असंही लिहिलं. हे पुढे फार उपयोगी पडलं, कारण कोंबडीतून येणारा हा जंतू नेहमीच्या स्टूल कल्चरमध्ये सगळीकडे धरलेला नसतो. तुम्हीही विचारून घ्या.

लॅबवरचा राग आधी काढते. काउंटरवरच्या मुलीने कोरडी डबी हातात ठेवली आणि "जमेल तेव्हा आणून द्या काकू" म्हणाली. मला जमलं चार तासांनी. नमुना परत! दोन तासांत पोचत नसेल तर कॅरी-ब्लेअर नावाचं द्रव्य असलेली बाटली द्यायची असते, हे मला नमुना नाकारताना सांगितलं. डबी देताना सांगितलं असतं तर एक दिवस वाचला असता. तापात पुन्हा ती कसरत करणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. शिवाय "पॅनेल आहे ना, मग कल्चर कशाला?" हेही तिने दोनदा विचारलं.

पॅनेल खरंच झटपट. सकाळी नमुना, संध्याकाळी फोनवर उत्तर: कॅम्पायलोबॅक्टर आढळला, शिगा टॉक्सिन नाही. डॉक्टरांनी त्याच रात्री अझिथ्रोमायसिन सुरू केलं, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. म्हणजे प्रामाणिकपणे सांगायचं तर चार दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट आला तेव्हा मी वरणभात खात होते. मग त्या मुलीचंच बरोबर होतं का?

रिपोर्टमधले रकाने बघून माझा पेशा जागा झाला. एरिथ्रोमायसिन: एस. टेट्रासायक्लिन: आर. सिप्रोफ्लॉक्सासिन: आर, ६ मिमी. अक्षरांचा अर्थ कुठेही छापलेला नाही (एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही), हा आणखी एक दोष. पण मला खटकला तो सहाचा आकडा. औषध चाललंच नाही तर शून्य लिहा ना! फोन तिसऱ्या खेपेला लागला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई मात्र फार चांगल्या निघाल्या, त्यांनी प्लेटचा फोटोच पाठवला.

रक्त मिसळलेल्या लालसर आगरवर (जंतू वाढवायची जेली) जंतूंचा पातळ थर, त्यावर औषधाच्या छोट्या पांढऱ्या चकत्या. एरिथ्रोमायसिनच्या चकतीभोवती स्वच्छ, रुंद रिंगण. सिप्रोच्या चकतीला मात्र जंतू खेटून उगवलेले, जणू तिथे काही ठेवलंच नव्हतं. आणि चकतीचाच व्यास ६ मिलिमीटर. रिंगण मोजताना चकती धरून मोजतात, म्हणून शून्य कधी येतच नाही. हिशेब जुळला.

नमुन्याआधी अँटिबायोटिक घेतलं की कल्चर बहुधा वाया जातं, असं बाई म्हणाल्या. माझा जंतू दोन गोळ्या पचवूनही उगवला, त्यातच काय ते आलं. या जंतूच्या जायरेज नावाच्या प्रथिनातला ८६ व्या जागेवरचा एक घटक बदलला, की सिप्रो फारसं चालत नाही. एवढासाच बदल. कोंबड्यांना त्याच जातकुळीची औषधं दिली की असा बदललेला जंतू तगतो, बाकीचे मरतात. म्हणून अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठीचं एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं. आणि मी घाबरून विचारलं ते तुम्हीही विचाराल: असा जंतू शिजवून मरतो का? मरतो. औषधाला दाद न देणारा जंतू आचेपुढे वेगळा नसतो. कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांवर गेली की पुरे. माझी कोंबडी नीट शिजली होती. काकडी कोण शिजवणार?

पॅनेल जंतूचं नाव सांगतं, पण माझ्या पॅनेलच्या रिपोर्टमध्ये औषधांचा रकानाच नव्हता. जंतू जिवंत वाढवल्याशिवाय चकत्यांची ही परीक्षा घेता येत नाही. सगळ्यांनी फक्त पॅनेल केलं, तर आपल्या भागात सिप्रो कुणाला चालतंय आणि कुणाला नाही, याची नोंदच होणार नाही. आणि पुढच्या रुग्णाला औषध देताना डॉक्टर कशाच्या आधारे देणार? माझ्या उपचाराला कल्चरचा उपयोग झाला नाही, तरी पैसे वाया गेले असं वाटत नाही ते यामुळे.

पाचपैकी साडेतीन तारे. एक डबीसाठी कापला, अर्धा फोनसाठी. त्या बाई नसत्या तर आणखी एक गेला असता. खणातल्या उरलेल्या चार गोळ्या मी औषधांच्या दुकानात परत द्यायला नेल्या, तर दुकानदार म्हणाला, "राहू द्या की, कधी लागल्या तर!"